गादीवाल्याने लिहिलेला मुलगा

गादी उसवल्याशिवाय घर कळत नाही, असं गादीवाल्याचं म्हणणं होतं. वरून खोळ कितीही फुलाफुलांची असो. आत कापसाचे गोळे कुठे झालेत, खड्डा एका कुशीला पडलाय की दोन, नवरा-बायकोच्या मध्ये उंचवटा किती वाढलाय, हे टाके उसवले की उघडं पडतं. तो बहुतेकदा लोकांच्या घरीच जायचा. गच्चीत नाहीतर मागच्या पडवीत जुनी गादी उसवायची, कापूस पिंजून मोकळा करायचा, पुन्हा खोळीत भरायचा आणि मांडी घालून दाभणाने टाके घालत बसायचं. अर्धा दिवस सहज जायचा. तेवढ्या वेळात घरातली माणसं त्याला साफ विसरायची. खाली मान घालून शिवणारा माणूस म्हणजे कोपऱ्यातलं पिंप. पिंपासमोर कोण जीभ आवरतं? सून सासूच्या पाठीमागे काय म्हणाली, सासू शेजारणीच्या कानात काय म्हणाली, मुलगा बापाच्या औषधाची बाटली आपटताना काय पुटपुटला, सगळं त्याच्या कानावर पडायचं. तो इकडचं तिकडे करणाऱ्यातला नव्हता. पण कान काही खोळीत घालून शिवता येत नाहीत. ते आत साचत राहायचं आणि वर्षाकाठी त्याचं एक नाटक व्हायचं.

गल्लीचं हौशी नाटक मंडळ होतं. मंडळ म्हणजे दुपारी गिऱ्हाईक नसतानाचं न्हाव्याचं दुकान. न्हावी दिग्दर्शक, कारण मोठे आरसे त्याच्याकडे. नायक कायम चष्मेवाला. नाक सरळ, आवाज खणखणीत, उभं राहणं असं की बघत राहावं. पाठांतराच्या नावाने मात्र बोंब. त्याच्या चष्म्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर त्याला तोंडपाठ असायचा, आणि दोन ओळींचं वाक्य मात्र पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मंडळात रीतच पडली होती : लेखकाने पडद्याआड स्टुलावर बसायचं आणि चष्मेवाला अडला की वाक्य पुरवायचं. दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. चष्मेवाला कुठे अडणार हे त्याच्या खांद्यांवरून ओळखावं लागे, आणि ते खांदे फक्त गादीवाल्याला वाचता येत.

त्या वर्षीचं नाटक एका मुलाचं होतं. बाप अंथरुणाला खिळलेला, मुलगा त्याचं करून करून वैतागलेला. गादीवाल्याने आधी खूप विनोदी नाटकं लिहिली होती. हे लिहिताना त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी लिहितोय.

त्याच्या स्वतःच्या घरी अंथरुणाला कुणी खिळलेलं नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. आई पडली तेव्हापासून कमरेतून गेली होती. धरून बसवली तर बसे, टेकवली तर खुर्चीत राही, पण उठवावं लागे. डोळ्यांचंही तसंच. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्यात धूर. रोज सकाळी गादीवाला तिच्या काखेत हात घालून तिला उचलायचा, आणि त्याची बायको न्हाऊ घालायची. रात्रीची पंचाईत नको म्हणून त्याने आईची गादी तीन तुकड्यांत शिवली होती; मधला भिजला तर तेवढाच काढून उन्हात टाकायचा. आई त्या गादीची तारीफ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "इंजिनियरला सुचणार नाही," म्हणायची, आणि वर, "त्याला मुतरी आई नाही ना!"

तर प्रयोगाच्या संध्याकाळी आईला खुर्चीसकट उचलून सभागृहात नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात मुलाचं मोठं भाषण होतं. बाप मागे खाटेवर, आणि मुलगा हात पाठीशी बांधून पुढे येतो आणि लोकांना मनातलं सांगतो. न्हाव्याने तसं बसवलं होतं, कारण हात मागे बांधले की चष्मेवाला फार रुबाबदार दिसे.

चष्मेवाला पुढे आला. हात मागे बांधले. आणि त्याचे खांदे कानापर्यंत गेले.

गादीवाल्याने पडद्याआडून हळू वाक्य सोडलं. ऐकू गेलं नाही, वर पंखे घरघरत होते. त्याने आवाज चढवला. चष्मेवाल्याने ते वाक्य उचललं, म्हटलं, आणि पुन्हा दगड झाला. मग काय, गादीवाला पुढे आणि चष्मेवाला मागे, अशी वरातच निघाली. गादीवाल्याच्या लक्षातही राहिलं नाही की आपण पडद्याआड आहोत. स्वतःचं लिहिलेलं, त्यात रंग चढलेला. तो पोटातून बोलायला लागला. सबंध सभागृहाला प्रत्येक वाक्य आधी गादीवाल्याच्या आवाजात ऐकू येत होतं आणि मग चष्मेवाल्याच्या. त्यातच ते वाक्य आलं :

"वरचे दार उघडत नाहीत, हा खालचं सोडत नाही, मधल्यामध्ये माझे गुडघे चालले!"

हशा झाला. मागून शिट्टी आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. घरात म्हातारं माणूस असलेल्यांनी जरा जास्तच पिटल्या.

पहिल्या रांगेत आईच्या डोळ्यांपुढे रंगमंच म्हणजे दोन डाग होते, एक उभा, एक आडवा. आवाज मात्र स्वच्छ होता, आणि तो तिच्या मुलाचा होता.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. दमली असेल, म्हणून गादीवाल्याने तिला तसंच झोपवलं. सकाळी तो नेहमीसारखा तिच्या काखेत हात घालायला वाकला, तर तिने त्याचे हात बाजूला केले.

"नको. मी बघते माझं."

"कसं बघणार तू?"

"थोरलीला बोलव. मी तिच्याकडे जाते."

थोरली म्हणजे गादीवाल्याची मोठी बहीण. तिचं घर दोन जिने वर, आणि जिभेला धार अशी की भाजी चिरून घ्यावी. आई तिच्याकडे कधी दोन दिवसांच्या वर टिकली नव्हती. एकदा वर चढवली की तिला पुन्हा खाली कोण आणणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आता गेली तर गेलीच. गादीवाल्याची बायको आईच्या पायाशी बसून म्हणाली, "आई, अहो, नाटक होतं ते!" आईने तोंड भिंतीकडे केलं. दुपारपर्यंत चहासुद्धा घेतला नाही.

गल्लीला तेवढं पुरेसं होतं. काल टाळ्या पिटणारीच तोंडं आज चुकचुकायला लागली. दूधवाली दारात उभी राहून त्याच्या बायकोला म्हणाली, "मी आपली सरळ बाई. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" एकाने आदल्या दिवशी शिवायला आणून टाकलेली गादी तशीच परत नेली. "राहू दे सध्या," म्हणाला. "आमच्याकडे म्हातारं माणूस आहे."

"मी गादी शिवतो हो, माणसं नाही!" गादीवाला ओरडला.

"तेच म्हणतो," गिऱ्हाईक म्हणालं, आणि गादी डोक्यावर घेऊन गेलं.

गादीवाला न्हाव्याकडे गेला. न्हावी एकाच्या गालाला साबण लावत होता. त्याचा उपाय तयार होता. "रविवारी दुसरा प्रयोग आहे ना? पडदा उघडायच्या आधी मी पुढे येतो आणि सांगतो, मुलाचं हे मत लेखकाचं नाही."

"मग कुणाचं म्हणून सांगशील?"

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. "कुणाचं आहे?"

"त्या मुलाचं."

"तो मुलगा कुठे राहतो?"

 साबण लावलेलं गिऱ्हाईक आरशातून म्हणालं, "माझ्याकडे राहतो. थोरला माझा." कुणी हसलं नाही.

परत येताना गादीवाला स्वतःशीच भांडत होता. खरंच कुणाचं? आईला उचलताना कधी त्याच्या मनात वाईट आलं नव्हतं, असं तो छातीठोक सांगू शकत नव्हता. कंबर दुखली की माणूस आधी कमरेला शिव्या देतो, मग जिच्यामुळे दुखली तिला. पण आई नको असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच्या नाटकातल्या मुलाला तर रोज वाटत होतं. त्या मुलाला त्याने दहा घरांच्या चिंध्या जोडून शिवला होता. कापूस लोकांचा, टाके आपले. मग गादी कुणाची? धंद्यात याचं उत्तर सोपं असतं. ज्याने टाकली तो घेऊन जातो. ही गादी मात्र सगळ्यांनी त्याच्याच दारात आणून ठेवली होती.

दुपारी थोरली आली. दारात गाडी थांबवूनच आली होती. पिशवी आपटली आणि आईची कपाटातली लुगडी काढून खाटेवर ढीग घालायला लागली.

"ताई, आधी ऐकून घे."

"काय ऐकायचं? सगळ्या गल्लीने ऐकलं, मीच राहिले होते. भर सभेत आईच्या मरणावर टाळ्या घेतल्यास म्हणे!"

"बापाच्या मरणावर होत्या. नाटकातल्या."

"म्हणजे बाप चालतो?"

"अगं, गेल्या वर्षी मी दारुडा लिहिला. मी पितो का? त्याच्या आधी चोर लिहिला. माझ्यामुळे कुणी कुलूप बदललं?"

"दूधवालीने बदललं. मला तिनेच सांगितलं."

गादीवाल्याने कपाळाला हात लावला. थोरलीने चादरीची घडी छातीशी धरली आणि बोट रोखलं.

"आणि एक सांग. त्या आधीच्या नाटकात तू तो म्हातारा शिक्षक लिहिला होतास, सगळ्यांना आपलं ताट वाढणारा. तेव्हा लोक येऊन म्हणाले, गादीवाले, तुमचं मन किती मोठं. तेव्हा म्हणालास का, की ते मन माझं नाही, त्या शिक्षकाचं आहे? तेव्हा मान खाली घालून लाजत होतास, मी बघितलंय. चांगली पोरं तुझी, आणि वाईट निघालं की ते परक्याचं?"

हे मात्र वर्मी लागलं. गादीवाला स्टुलावर बसला. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिलाही नणंदेचं पटलं होतं, म्हणून ती खाली बघायला लागली.

"खरं आहे," तो म्हणाला. "तोही मी नव्हतो. मी कुणाला माझं ताट दिलेलं नाही कधी."

"मला माहीत आहे. लहानपणी माझंसुद्धा ओढायचास." थोरलीचा पारा एक पायरी उतरला. तिने पुन्हा घड्या घालायला घेतल्या. "पण एवढं म्हणालास तरी काय? कुणी धड सांगत नाही. दूधवाली म्हणते, तोंडाने बोलवत नाही."

गादीवाल्याने आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलावं की नाही याचा त्याने अंदाज घेतला आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "वरचे दार उघडत नाहीत, हा खालचं सोडत नाही, मधल्यामध्ये माझे गुडघे चालले."

थोरलीच्या हातातली चादर तशीच राहिली.

"हे तर आईचं आहे," ती म्हणाली.

"काय आईचं?"

"हे वाक्य. आजीच्या वेळचं. आजी पडून होती तेव्हा आई रोज म्हणायची. तिला कुशीवर वळवताना. 'हा' नाही, 'ही' म्हणायची. तू लहान होतास, सारखा आजारी, कापसाच्या ढिगात झोपवून ठेवलेला असायचास. मी पाणी धरायचे. मला काय, पाठ आहे ते!"

 मग भिंतीकडून आवाज आला.

"म्हणूनच म्हटलं, जाते."

गादीवाला उठून खाटेपाशी गेला. आईने तोंड वळवलं नव्हतं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "पोरगं इतकी वर्षं गिळून बसलंय. आपली आई आजीला काय म्हणायची, ते मनात धरून बसलंय. आणि आता माझी पाळी आली, तेव्हा चार लोकांत काढलं. ऐक म्हणावं, तुझंच आहे."

"आई, शपथ घेऊन सांगतो, मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, हे मी रचलं." त्याने बायकोकडे बोट दाखवलं. "लिहिलं तेव्हा केवढा खूश झालो होतो! हिला उठवून वाचून दाखवलं. विचार हिला."

"दोनदा दाखवलं," बायको म्हणाली. "मला तर झोप येत होती."

आई आता वळली. डोळ्यांतल्या धुरातून मुलाचा चेहरा शोधायला लागली. सापडला असं तिला वाटलं, तिथे बघत राहिली.

"मग मनात नाही धरलंस?"

"कानात धरलं असेल. मनाला पत्ता नव्हता."

 मग त्याने विचारलं. न्हाव्याने त्याला विचारलेलं, दूधवालीने त्याच्या बायकोला सुनावलेलं, तेच. "आई, तुला खरंच तसं वाटायचं? आजी जावी असं?"

थोरली म्हणाली, "काय विचारतोस तू!"

"विचारू दे," आई म्हणाली. तिने ओठ चाटले. चहा न घेतल्याने कोरडे पडले होते. "वाटायचं. पाय पोटाशी घेऊन जड व्हायची ना ती, मुद्दाम, तेव्हा वाटायचं. वळवून झाली, पुसून झाली, की नाही वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिलाही ऐकू जायचं. एकदा मी विसरले म्हणायला, तर म्हातारी म्हणाली, का गं, आज गुडघे बरे आहेत वाटतं?"

थोरली तोंडावर चादर धरून हसली. गादीवाल्याच्या बायकोने तर सरळ आवाज करून हसून घेतलं.

"ती गेली तेव्हा मला कुणी म्हणालं नाही, की तू तिला असं म्हणायचीस," आई पुढे म्हणाली. "सगळे म्हणाले, सासूचं करावं तर हिने. मी गप्प राहिले. दोन्ही मीच होते, पण एकच सांगितलं. काल त्या पडद्यामागून दुसरी ऐकू आली. भ्यायले मी."

 गादीवाल्याने इतकी नाटकं लिहिली, पण अशा वेळचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं, आणि पुरवायला पडद्याआड कुणी नव्हतं. त्याने तिच्या उशाच्या चादरीची घडी सारखी केली, जी आधीच सारखी होती.

तेवढ्यात न्हावी आणि चष्मेवाला आले. चष्मेवाला माफी मागायला आला होता. दारातच हात जोडून म्हणाला, "आई, माझीच चूक. मी वाक्यं विसरलो, म्हणून ह्यांना ओरडावं लागलं."

न्हावी म्हणाला, "आणि आम्ही ठरवलंय. ते वाक्यच कापून टाकतो. रविवारी नाही म्हणायचं."

"कापू नका," आई म्हणाली.

चष्मेवाल्याचे जोडलेले हात सुटले.

"पण तू ते म्हणतोस तेव्हा हातात काय असतं तुझ्या?" तिने चष्मेवाल्याच्या दिशेने विचारलं.

"हातात? काही नाही. हात मागे असतात. असे."

"मला दिसत नाही. मोकळे असतात ना?"

"हो."

"मग शिव्याच वाटणार त्या. मोकळ्या हातांनी असं म्हणणाऱ्याला जोड्याने मारलं पाहिजे. काखेत हात घालून, ओझं उचलून, दात आवळून म्हणायचं असतं ते. मग ऐकणाऱ्याला कळतं, हा टाकून देणाऱ्यातला नाही. आणि लोकांना काय सांगतोस? म्हाताऱ्याला सांग. लोक आपोआप ऐकतात."

न्हाव्याला राग यायला हवा होता, कारण बसवलेलं त्याचं होतं. पण तो पुढे आला. "म्हणजे खाटेजवळ?"

"मग काय न्हाव्याच्या दुकानात? ये रे इकडे, नाकवाल्या. दाखवते."

"आई, अगं, बाहेर गाडी थांबलीय," थोरली म्हणाली.

"तिला पाठवून दे."

"आणि हे सगळं मी घड्या घालून ठेवलंय ते?"

"छान घातल्यास. कपाटात तशाच ठेव."

थोरलीने भावाकडे बघितलं. भावाने बघितलंच नाही, तो चष्मेवाल्याला खाटेकडे ढकलत होता. ती खिडकीशी जाऊन गाडीवाल्याला ओरडून सांगायला लागली, आणि गाडीवाला बाहेरून तिला काहीतरी परत ओरडला, ते इथे सांगण्यासारखं नाही.

चष्मेवाला खाटेपाशी वाकला. आयुष्यात त्याने चष्म्याच्या काड्यांपलीकडे काही उचललं नव्हतं. गादीवाल्याने त्याचे हात धरून आईच्या काखेत बसवले, एक गुडघा खाटेच्या कडेला टेकवायला लावला, पाठ ताठ ठेवायला सांगितलं. "ओढायचं नाही. तिचा भार आधी आपल्यावर घ्यायचा, मग उठायचं."

"हं," आई म्हणाली. "घे."

चष्मेवाल्याने श्वास घेतला आणि उचललं. त्याचं सरळ नाक लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या, तोंडातून एक अस्सल कण्हणं बाहेर पडलं, कुठल्याही तालमीत न आलेलं. न्हावी हरखून पुढे झाला. गादीवाला सवयीने वाक्य पुरवायला तोंड उघडणार, तोच आईने हात हलवून त्याला गप्प केलं. चष्मेवाला तिला अर्ध्यात धरून उभा राहिला. खांदे कानापर्यंत गेले.

"वरचे..." तो म्हणाला. "वरचे... आई, पुढे काय?"

"आधी खाली ठेव मला," आई म्हणाली, "मग आठव. आणि सूनबाई, चहा टाक. ह्याला दोन तास तरी लागतील."